आप्पांनी ‘आपण’ म्हणणं सोडलं

तुम्ही शेवटचा टोमणा कोणाला मारलात?

घाई करू नका, नीट आठवा. तो तुमचा साहेब होता का? घरमालक होता का? की दारात उभा राहून पत्ता विचारणारा पार्सलवाला होता? बँकेच्या खिडकीपाशी फॉर्म उलटासुलटा धरून उभी असलेली बाई होती? नवीन कामाला लागलेला, अजून कुठे काय ठेवलंय तेही न कळलेला माणूस होता? आणि तुम्ही जे बोललात त्यावर आजूबाजूचे हसले का? तोही हसला का?

हे प्रश्न माझे नाहीत. सिल्वासात धाग्याच्या एका कारखान्यात मला भेटलेल्या निंबाआप्पांचे आहेत. ते त्यांनी आधी स्वतःला विचारले, नंतर मला. आता मी तुम्हाला विचारते आहे.

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. माझे वडील नाशिकच्या एका कारखान्यात होते आणि आमच्या खोलीत पलंगाखाली कामगार संघटनेच्या पत्रकांचे गठ्ठे असत. ‘कामगार बंधूंनो’ हे मी स्वतःच्या बळावर वाचलेले पहिले दोन शब्द. त्यामुळे पदविका घेऊन सिल्वासाला आले, धाग्याची ताकद तपासायच्या प्रयोगशाळेत लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी माझी नजर कॅन्टीनबाहेरच्या फळ्यावर गेली. वरच्या कोपऱ्यात ‘अपघाताविना दिवस’ असं रंगवलेलं होतं आणि पुढे खडूने आकडा. खालची सगळी जागा रिकामी असायला हवी होती. तिथे ठळक, गोल अक्षरांत लिहिलं होतं:

‘आजच्या डाळीत कोणाला डाळ सापडल्यास ती कृपया ठेकेदाराकडे जमा करावी. त्यांची हरवली आहे.’

मी तिथेच उभी राहून हसले. मागून आवाज आला, “काय हसून राहिली, पोरी? खरंच हरवली आहे.”

ते निंबाआप्पा. आमच्या शिफ्टचे सुपरवायझर. पन्नाशी ओलांडलेले, पारोळ्याकडचे, खांद्यात किंचित वाकलेले. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कागदात गुंडाळलेले दोन खडू कायम. डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची लाल चटणी, जी ते शेजारच्याच्या डब्यात न विचारता टाकत आणि मग त्याच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत गंभीर चेहऱ्याने बघत बसत. चहा बशीत ओतून पीत. मी पत्रकं लिहिते हे त्यांना कळलं तेव्हापासून माझं नाव ‘पत्रकवाली’ पडलं आणि मला कारखान्यात खऱ्या नावाने हाक मारणारे थोडेच उरले.

आप्पांच्या बोलण्याचा एक नियम होता. तो सगळ्या शिफ्टला पाठ होता. आप्पा ‘तू’ म्हणत असतील तोवर काळजी नाही. शिव्या दिल्या तरी काळजी नाही. पण आप्पांच्या तोंडून ‘आपण’ आलं आणि पाठोपाठ ‘महाराज’ आलं की समोरच्याने सावध व्हावं. मान जितका वाढे तितका मार मोठा असे. त्याच्या आधी त्यांच्या ओठाचा डावा कोपरा जरासा वर जाई. तो वर गेला की आजूबाजूचे हातातलं काम थांबवत.

हे सगळं आम्हाला आवडत असे, कारण मार वरच्या बाजूला बसत असे. पिण्याच्या थंड पाण्याचं मशीन बंद पडलं आणि उन्हाळा अर्धा गेला तरी कोणी लक्ष देईना, तेव्हा आप्पांनी एका दुपारी त्याला झेंडूचा हार घातला, पुढे उदबत्ती लावली आणि फळ्यावर लिहिलं, ‘दुःखद निधन. मागे तहानलेला मोठा परिवार आहे.’ मोठ्या साहेबांना त्या दिवशी मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना कारखाना दाखवायचा होता. पाहुण्यांनी हाराचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिक हजर.

आणि कडीची गोष्ट. बायकांच्या संडासाला आतून कडी नव्हती. आम्ही पॅकिंगमधल्या आणि प्रयोगशाळेतल्या बायका जोडीने जात असू, एक आत आणि एक दाराला पाठ लावून बाहेर. अर्ज दिले होते. एकदा सगळ्यांना गोळा करून मोठे साहेब बोलले. पुण्याचे, बोलायला गोड. “हा कारखाना नाही, हे आपलं कुटुंब आहे,” म्हणाले. टाळ्या झाल्या. टाळ्या संपता संपता आप्पांनी हात वर केला.

“साहेब, कुटुंब म्हणालात म्हणून विचारायचा धीर होतो. आपल्या ऑफिसच्या बाजूचं संडास घरातल्या बायकांना वापरता येईल ना? तिथे कडी आहे असं ऐकतो.”

साहेबांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. त्याच संध्याकाळी कडी बसली. त्या दिवशी मला वाटलं, माझे वडील आयुष्यभर ज्याच्यासाठी गठ्ठे वाहत होते ते या माणसाने एका वाक्यात केलं. मी त्यांची शिष्य झाले. माझ्या पत्रकांत ‘धिक्कार’ आणि ‘जाहीर निषेध’ कमी झाले आणि ‘अभिनंदन’ व ‘आभार’ वाढले. ‘वीज गेल्यावर पंख्याविना काम करण्याची संधी दिल्याबद्दल आभार.’ आप्पा वाचत, एखादा शब्द खोडत, म्हणत, “पत्रकवाली, हे पहाय. ज्याच्यावर लिहिलंय त्याला राग आला पाहिजे, पण कशाचा राग आला ते सांगता आलं नाही पाहिजे. मग जमलं.”

उपरोधाची याहून चांगली व्याख्या मी कुठे वाचलेली नाही. पण ती अर्धी होती. उरलेली अर्धी आम्हाला दोघांनाही महागात शिकावी लागली, आणि खरी किंमत दिली तिसऱ्यानेच.

त्याचं नाव सुकरभाई. धरणाकाठच्या दुधनी गावचा. चाळिशीचा, रुंद पंज्याचा, हळू बोलणारा माणूस. मधुबन धरणाच्या पाण्यात जाळी टाकून जगलेला. जाळं विणायला आणि सांधायला त्याच्यासारखा हात त्या बाजूला नाही असं त्याच्या गावचे इतर कामगार सांगत. बायकोच्या आजारपणानंतर त्याला रोजचं, ठरलेलं काम हवं होतं, म्हणून तो मशीनवर आला. धाग्याशी त्याचं जुनं नातं होतं. मशीनशी अजिबात नव्हतं. पण एक चांगली सवय होती. कळलं नाही तर विचारायचा. धागा तुटला तर कुठून जोडू, धाग्याने भरलेलं बॉबिन कुठे ठेवू, हा पिवळा दिवा का लागला. पाण्यावर वाढलेल्या माणसाची सवय असावी ती. खोली माहीत नसेल तर आधी काठी घालून बघायची.

आमच्या मशीनवर फिरणाऱ्या रोलरवर कधी कधी धागा चढतो. एकदा चढला की गुंडाळत जातो, जाड होतो, आणि वेळीच काढला नाही तर शेजारचे धागेही तोडतो. नियम भिंतीवर लिहिलेला आहे. लाल बटण दाबा, मशीनची ती बाजू पूर्ण थांबू द्या, मग वाकड्या टोकाच्या सुरीने धागा कापून काढा. पण बाजू थांबली की तिच्यावरचे सगळे धागे तुटतात, सगळे पुन्हा ओवावे लागतात, उत्पादन पडतं आणि ऑफिसातून फोन येतो. म्हणून जुने कामगार रोलर फिरत असतानाच सुरीचं टोक लावून धागा उडवतात. सगळ्यांना ठाऊक असतं. भिंतीवर एक, हातात दुसरं.

सुकरभाईला लागून तिसरा आठवडा होता. चहाची वेळ. त्याच्या रोलरवर धागा चढला. मी नमुन्याची बॉबिनं घ्यायला तिथेच उभी होते. त्याने रोलरकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं आणि आप्पांकडे वळून विचारलं, “आप्पा, मशीन बंद करून काढू का?”

त्या सकाळी मशीन दोनदा थांबवल्याबद्दल आप्पांनी मोठ्या साहेबांकडून सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली होती. आप्पांच्या ओठाचा डावा कोपरा वर गेला. आजूबाजूचे थांबले.

“नाही नाही, महाराज! आपण असं कसं बंद करणार? आधी भटजी बोलवा, मुहूर्त काढा, नारळ फोडा. मग शांतपणे हात लावा.”

सगळे हसले. मीही हसले. इतकी, की माझ्या हातातलं एक बॉबिन हसता हसता खाली पडलं. सुकरभाई पण हसला. मान खाली घालून, कानामागे खाजवत. तेवढ्यात आप्पांनी डोळ्याने खूण केली आणि एका जुन्या कामगाराने पुढे होऊन फिरत्या रोलरवरून सुरीच्या एका झटक्यात धागा उडवला. “झालं, महाराज,” आप्पा म्हणाले आणि बशीतला चहा संपवला.

यात लक्षात ठेवण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. रोज प्रत्येक ठिकाणी असं होतं. म्हणूनच लिहिते आहे.

त्या दिवसानंतर सुकरभाईने काही विचारलं नाही. आणि आमच्यातल्या एकाच्याही ते लक्षात आलं नाही. उलट आप्पा एकदा म्हणाले, “सुकर तयार झाला. आता विचारत नाही.”

साधारण महिन्याने, सकाळी अकराच्या सुमारास, त्याच रोलरवर धागा चढला. सुकरभाईने बटण दाबलं नाही, कोणाला हाक मारली नाही. सुरी घेतली आणि जुन्या कामगाराने लावली होती तशी लावली. झटका त्या कामगाराच्या हातात वीस वर्षांचा होता. सुकरभाईच्या हातात सुरी अडकली, धाग्याने बोटं ओढली. ओरडणं मी प्रयोगशाळेत ऐकलं. मी पोचले तेव्हा मशीन थांबलं होतं. लाल बटण आप्पांनी दाबलं होतं आणि ते दाबून झाल्यावरही त्यांचा अंगठा तिथेच होता. ते तो काढत नव्हते.

उजव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याजवळचं आणि त्याच्या शेजारचं. ज्यांनी जाळ्याची गाठ मारतात ती.

दोन दिवसांनी चौकशीचा कागद तयार झाला. त्यात लिहिलं होतं की, कामगाराला नियम सांगितलेला होता, तरी त्याने स्वतःच्या निष्काळजीपणाने चालू मशीनमध्ये हात घातला. खाली साक्षीदार म्हणून शिफ्ट सुपरवायझरची सही हवी होती. त्या सहीचा अर्थ कारखान्यात सगळ्यांना कळत होता. सही झाली की चूक सुकरभाईची ठरणार. आणि स्वतःच्या चुकीने जखमी झालेल्या, हाताने अधू झालेल्या, जेमतेम दोन महिने जुन्या माणसाला हाताची पट्टी सुटल्यावर परत कोण घेणार?

मी पेटले होते. दुपारच्या सुट्टीत पत्रक लिहून काढलं. अजून पाठ आहे, कारण त्याची लाज अजून गेलेली नाही. ‘अभिनंदन! आमच्या कारखान्याने एका कामगाराची तब्बल आठ बोटं सुखरूप वाचवली!’ इथून सुरुवात होती. पुढेही तशीच गंमत. ते घेऊन मी आप्पांकडे गेले. ते स्टोअरच्या मागे एका रिकाम्या खोक्यावर बसले होते. डबा उघडलेला नव्हता.

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. खोडायला पेनसुद्धा काढलं नाही.

“हे वाचून कोण हसेल?” त्यांनी विचारलं.

“सगळे. साहेबांवर हसतील.”

“सुकर हसेल का?”

मी त्यांच्या हातातल्या पत्रकाकडे पाहू लागले.

“त्याला हॉस्पिटलात नेऊन देशील हे? म्हणशील, घे, तुझ्या आठ बोटांवर लिहिलंय?”

“आप्पा, हे त्याच्याच बाजूने आहे!”

“असेल. पण माझं नाव कुठे आहे यात?”

“तुमचं काय नाव? तुम्ही काय केलंत?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकं सरळ त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. “पोरी, त्या दिवशी तुझ्या हातातून बॉबिन पडलं होतं. हसता हसता. मले दिसलं होतं. मले लई बरं वाटलं होतं तेव्हा.”

मी पत्रकाची घडी घातली. नंतर ते फाडलं, पण त्या क्षणी नाही. त्या क्षणी मला त्यांचाच राग आला होता. वाटलं, हा माणूस ऐन लढाईत शस्त्र खाली ठेवतोय.

माझा अंदाज चुकला. लढाई तिथून पुढे सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी आप्पा मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी धाग्याचे अहवाल घेऊन तिथे आधीच उभी होते, म्हणून ऐकू शकले.

“सही करत नाही, साहेब. कागद खोटा आहे. त्याने मला विचारलं होतं, बंद करून काढू का. मी उत्तर दिलं नाही. थट्टा केली.”

साहेब हसले. दुष्टपणे नाही. सुटका करून देताना हसतात तसे. “आप्पा, अहो तुमचा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे. मस्करी होती ती. मस्करी कोणी खरी मानतं का?”

“नाही ना मानली, साहेब. त्याला मस्करी नीट कळली. म्हणून तर त्याने परत विचारलं नाही.”

साहेबांचं हसू गेलं. “म्हणजे तुम्ही स्वतःवर घेताय? सुपरवायझर राहणार नाही तुम्ही, हे समजतंय ना?”

“समजतंय. अजून एक लिहायचं आहे. मशीन थांबवलं की तुम्ही मला झापता. मी ते गिळत नाही, खाली वाटतो. तुम्ही मला सरळ दिलंत, मी हसवून दिलं. मिळालं सगळं सुकरला.”

“हे मी कागदावर घेणार नाही.”

“बरं,” आप्पा म्हणाले आणि बाहेर पडले. ते थेट कॅन्टीनबाहेरच्या फळ्याकडे गेले. वरच्या कोपऱ्यातला आकडा तोवर कोणीतरी पुसून शून्य केला होता. त्याच्या खाली आप्पांनी लिहिलं:

‘सुकरभाईने मला विचारलं होतं की मशीन बंद करून धागा काढू का. बरोबर उत्तर ‘हो’ होतं. मी ते दिलं नाही, त्याची थट्टा केली. मशीन थांबवलं की मला बोलणी बसतात म्हणून तसं केलं. चूक त्याची नाही. निंबा.’

एकही चमकदार शब्द नव्हता. जेवायला आलेले लोक सवयीने ओठांवर हसू तयार ठेवून फळ्यापाशी येत आणि वाचून झाल्यावर ते हसू कुठे ठेवावं हे त्यांना कळत नसे. काहीजण चिडले. जुना कामगार, ज्याने सुरीचा झटका मारला होता, तो आप्पांना म्हणाला, “काय भो आप्पा, आमचंही पितळ उघडं पाडतो का?” आप्पा म्हणाले, “तुझं नाव लिहिलं नाही. लिहावंसं वाटलं तर खडू देतो.”

तासाभरात मजकूर पुसला गेला. चहाच्या वेळी आप्पांनी तो पुन्हा लिहिला, शब्दही न बदलता. पुन्हा पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिला. फळा पुसणारी बाई शेवटी माझ्यापाशी येऊन म्हणाली, “ताई, मी काय करू? मला पुसायला सांगतात. पण पुसताना वाचावं लागतं.” तिसऱ्या दिवशी आप्पा लिहून वळले आणि तो जुना कामगार पुढे आला. त्याने आप्पांच्या हातातून खडू घेतला आणि ‘निंबा’च्या खाली आपलं नाव लिहिलं. मग मी लिहिलं. मला नाव पुरेसं वाटेना, म्हणून पुढे लिहिलं, ‘मी तिथे होते. मी हसले.’ संध्याकाळपर्यंत फळ्यावर जागा उरली नाही. त्या दिवशी तो कोणी पुसला नाही.

चौकशीचा कागद बदलला. सुकरभाईची चूक काढून टाकली गेली, त्याला पॅकिंगमध्ये काम मिळालं. आप्पांचं सुपरवायझरपद गेलं आणि त्यांना दादऱ्याच्या छोट्या शाखेत साध्या मशीनवर पाठवलं. मशीन थांबवल्याबद्दल ऑफिसातून येणारे फोन बंद झाले का? कमी झाले. बंद झाले असं मी लिहिलं तर आप्पा ते खोडतील.

पण दादऱ्याला जाण्याआधी एका रविवारी आप्पा मला म्हणाले, “चल, दुधनीला जायचंय. एक उत्तर द्यायचं राहिलंय.”

सुकरभाई घरासमोर बसला होता. पट्टी बांधलेला उजवा हात मांडीवर आणि डाव्या हाताने जाळ्याची गाठ मारायचा प्रयत्न. गाठ सुटत होती. आम्हाला पाहून त्याने जाळं बाजूला केलं. मग तो म्हणाला, “बेसो, आप्पा. पहिले नारळ फोडू का?”

त्याचा चेहरा गंभीर होता, पण ओठाचा कोपरा जरासा वर गेला होता. त्याने तो आप्पांकडूनच उचलला होता.

आप्पांनी मान खाली घातली नाही. “फोड,” ते म्हणाले. “तुझा हक्क आहे. माझा नव्हता.”

मग ते त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी सांगितलं, “सुकरभाई, तू मला विचारलं होतंस, मशीन बंद करून काढू का. हो. बंद करूनच काढायचा. लाल बटण दाबायचं, रोलर पूर्ण थांबेपर्यंत हात मागे ठेवायचा. कोणी ओरडलं तरी. मी ओरडलो तरी. हे तुला मी तेव्हा सांगायला पाहिजे होतं.”

“आता सांगून काय उपेग, आप्पा?”

“तुला नाही. मला आहे. आणि तुझ्यानंतर येईल त्याला आहे.”

माफ केलं असं सुकरभाई म्हणाला नाही, आणि आप्पांनी माफी मागितलीही नाही. त्याने फक्त जाळ्याचं एक टोक आप्पांच्या हातात दिलं. “धरा. ताणून.” आप्पांनी ते ऊन उतरेपर्यंत धरून ठेवलं. डाव्या हाताने मारलेली एक गाठ शेवटी टिकली.

परतीच्या रिक्षात मी विचारलं, “मग आता साहेबांवरही लिहायचं नाही का? नुसतं साधंच लिहायचं?”

“लिही की. साहेबावर लिही, ठेकेदारावर लिही. त्यांच्याकडे उत्तर द्यायला माणसं आहेत, पंखे आहेत, वेळ आहे. पण जो तुला विचारून राहिला, त्याच्यावर नाही. विचारणारा माणूस उघडा असतो, पोरी. त्याने आपलं अज्ञान तुझ्यापुढे मांडलेलं असतं. त्याच्यावर काय टाळ्या मिळवायच्या?”

ही ती उरलेली अर्धी व्याख्या. तेव्हापासून मी पाहते आहे आणि मला ती सगळीकडे मोडलेली दिसते. ज्यांना साहेबापुढे शब्द फुटत नाही त्यांची जीभ शिपायापुढे काय धारदार होते! वर्गात शिक्षक म्हणतात, “वा, फार हुशार प्रश्न!” आणि तो हात पुढे वर्षभर वर जात नाही. कार्यालयात बाबू म्हणतो, “फॉर्मवर काय चिनी भाषेत लिहिलंय?” आणि म्हातारा रांगेतून गुपचूप बाहेर पडतो. घरात बायको फोनमधलं काही विचारते आणि नवरा म्हणतो, “तुझ्या हातात दिला हीच माझी चूक.” मग सगळ्यांचं एकच ठरलेलं वाक्य, “अगं, गंमत केली!” आपण याला हजरजबाबीपणा म्हणतो. मी याला पळपुटेपणा म्हणते. उत्तर द्यायचे कष्ट नकोत आणि शहाणपणाचा मान तर हवा.

आप्पा मागच्या वर्षी निवृत्त होऊन पारोळ्याकडे गेले. त्यांच्या शेवटच्या दिवशी मी दादऱ्याला गेले होते. पेढे वाटून झाले होते, तरी ते मशीनपाशीच उभे होते. खिशात अजून खडू होते. शेजारी बिहारहून आलेला एक नवीन कामगार होता, दोनच दिवसांचा. त्याने मशीनवरच्या लाल बटणाकडे बोट दाखवलं. बटणाखाली तीन भाषांत मोठ्या अक्षरांत ‘बंद’ लिहिलेलं होतं. “चाचा, ये लाल वाला किसलिए है?”

आजूबाजूचे थांबले. जुन्या कीर्तीमुळे असेल, किंवा निरोपाच्या दिवशी एखादं शेवटचं ऐकायला मिळेल म्हणून. आप्पांच्या ओठाचा डावा कोपरा वर गेला. मी तो स्पष्ट पाहिला. वाक्य तयार होतं, मला खात्री आहे, आणि ते फार चांगलं असणार. आप्पांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. कोपरा खाली आला.

“अच्छा पूछा,” ते म्हणाले. “इधर आ. तू दबा के देख.”

त्या माणसाने बटण दाबलं. अख्खी बाजू घरघरत थांबली, सगळे धागे सैल पडले. कोणी ओरडलं नाही. आप्पा खाली वाकले आणि त्याच्याबरोबर एकेक धागा पुन्हा ओवायला लागले. मी निघाले तेव्हाही ते ओवतच होते. पाठ माझ्याकडे, मान वाकलेली, आणि तो माणूस काहीतरी आणखी विचारत होता.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. पहिल्या ओळीतला प्रश्न स्वतःला पुन्हा विचारा. ज्याला तुम्ही उत्तराऐवजी टोमणा दिलात असा एक माणूस आठवा. त्याने तुम्हाला पुन्हा काही विचारलेलं नसेल, हीच त्याची खूण. या रविवारपर्यंत त्याच्याकडे जा. फोन नको, मेसेज नको, स्वतः जा. त्याला विचारा की तेव्हा त्याला काय हवं होतं, आणि साध्या शब्दांत त्याचं उत्तर द्या. त्याने तुम्हाला टोमणा मारला तर तो ऐकून घ्या. आणि त्याने तुमच्या हातात काही धरायला दिलं, तर तो सांगेपर्यंत सोडू नका.